एकाच अंगणातल्या तीन व्हिस्की आणि ‘मातीचा गुण’

१/ स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर किंटायर नावाचे लांबट द्वीपकल्प आहे. त्याच्या दक्षिण टोकाजवळ कॅम्बेलटाउन हे छोटे बंदर. तेथील स्प्रिंगबँक या एकाच डिस्टिलरीत तीन सिंगल माल्ट व्हिस्की तयार होतात : हेझलबर्न, स्प्रिंगबँक आणि लाँगरो. पाणी एकाच तळ्याचे, जवाला मोड आणण्याची फरशी एकच, तांब्याच्या भट्ट्या त्याच, कामगारही तेच. तरीही तिन्ही पेल्यांतील चवी तीन निराळ्या प्रदेशांतून आल्यासारख्या वाटतात. हा थ्रेड त्या अंतराविषयी आहे. प्रत्येक गोष्टीचे श्रेय ‘मातीच्या गुणा’ला देऊन टाकण्याची सवय इतिहासाच्या अभ्यासकाला किती महागात पडते, हे या तीन पेल्यांतून नेमके कळते.

२/ आधी संज्ञा स्पष्ट करून घेऊ. जव भिजवून त्याला मोड आणतात, ते वाळवतात, भरडतात आणि गरम पाण्यात कालवून त्यातील गोडवा उतरवून घेतात. त्या गोड पाण्यात यीस्ट घालून ते आंबवतात व तांब्याच्या भट्टीत त्याचे ऊर्ध्वपातन करतात. निघालेला अर्क ओकच्या पिंपांत किमान ३ वर्षे मुरतो. यातील कालवणे, आंबवणे आणि ऊर्ध्वपातन एकाच डिस्टिलरीत आणि केवळ मोड आणलेल्या जवापासून झाले, तर ती ‘सिंगल माल्ट’. ‘सिंगल’ हा शब्द डिस्टिलरीला लागू होतो, पिंपाला नाही. बाटलीत अनेक पिंपांचे मिश्रण असू शकते.

३/ तुलनेचीही एक शिस्त असते. खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळता पेला घ्यावा, म्हणजे गंध एकवटतो. आधी वास, मग अगदी छोटा घोट, त्यानंतर पाण्याचे दोन-चार थेंब घालून पुन्हा तेच. क्रम हलक्याकडून भारी चवीकडे. धुराची व्हिस्की आधी घेतली तर जिभेला पुढचे काही कळत नाही. या तिघींची नेहमीची बाटली ४६ टक्के मद्यार्काची असते आणि तिच्यात रंग मिसळलेला नसतो. म्हणून तुलना बरीचशी समपातळीवर होते. वयाचे व प्रमाणाचे बंधन येथे गृहीतच आहे. पेला रिकामा करणे हा या अभ्यासाचा हेतू नव्हे.

४/ पहिला पेला हेझलबर्नचा. हिचे जव सुमारे ३० तास केवळ गरम हवेवर वाळवतात, धुराचा स्पर्श होऊ देत नाहीत. ऊर्ध्वपातन तीनदा होते. प्रत्येक फेरीत अर्क अधिक हलका आणि स्वच्छ होत जातो. नाकाला पिकलेले नासपती, सफरचंद, थोडा मध. घोट जिभेवर फारसा रेंगाळत नाही. आपण समुद्राकाठच्या एका जुन्या औद्योगिक गावाची व्हिस्की चाखत आहोत, याची पुसटशीही खूण या पेल्यात सापडत नाही.

५/ दुसरा पेला स्प्रिंगबँकचा. येथे जव सुमारे ६ तास पीटच्या धुरावर आणि मग सुमारे २४ तास गरम हवेवर वाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचून घट्ट झालेल्या वनस्पतींचे थर. ते कापून, वाळवून जळण म्हणून वापरतात. या व्हिस्कीचे ऊर्ध्वपातन ‘अडीच वेळा’ होते असे म्हणतात, कारण अर्काचा मोठा भाग तीनदा आणि थोडा भाग दोनदाच भट्टीतून जातो. परिणाम : जिभेला तेलकट भार, मिठाची झाक, मागून येणारा पुसट धूर आणि शेवटी व्हॅनिलासारखा गोडवा.

६/ तिसरा पेला लाँगरोचा. जव ४८ तासांपर्यंत पीटच्या धुरात, ऊर्ध्वपातन दोनदाच. पेला नाकाशी नेण्याआधीच धूर येऊन भेटतो. डांबर, विझलेली शेकोटी, ओला दोरखंड. पाणी घातल्यावर या सगळ्यामागून साईसारखा मऊ गोडवा वर येतो. पहिल्या आणि तिसऱ्या पेल्याला जोडणारा धागा बंद डोळ्यांनी शोधणे अनुभवी माणसालाही अवघड जावे. दोन्ही मात्र एकाच फाटकातून बाहेर पडतात.

७/ आता प्रचलित समजुतीकडे वळू. व्हिस्कीविषयीच्या पुस्तकांत व दुकानांत स्कॉटलंडचा नकाशा असतो : आयला बेट म्हणजे धूर, स्पेसाइड म्हणजे फळे व मध, लोलँड म्हणजे हलकेपणा, कॅम्बेलटाउन म्हणजे खारा वारा. २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांनी हायलंड, लोलँड, स्पेसाइड, आयला आणि कॅम्बेलटाउन या पाच नावांना कायद्याचे संरक्षण दिले. पण ते नियम व्हिस्की कोठे गाळली एवढेच पाहतात. ती कशी लागावी, याबद्दल प्रदेशाच्या नावाखाली काहीच सांगत नाहीत. नकाशावर चव चिकटवली ती विक्रेत्यांनी आणि रसिकांनी.

८/ लाँगरोचा जन्मच या समजुतीला उत्तर म्हणून झाला. धुराची, आयलासारखी व्हिस्की मुख्य भूमीवरही करता येते, हे सिद्ध करण्यासाठी स्प्रिंगबँकने १९७३ मध्ये ती प्रथम गाळली. प्रयोग यशस्वी झाला. पाणी, हवा, जागा यांपैकी काहीही न बदलता, केवळ जव वाळवण्याची आणि गाळण्याची रीत बदलून ‘बेटाची चव’ कॅम्बेलटाउनमध्ये उतरली. हेझलबर्न १९९७ मध्ये आली आणि तिने तोच मुद्दा उलट्या दिशेने पुरा केला. प्रदेशाच्या सिद्धान्ताला याहून थेट आव्हान सापडणे कठीण.

९/ भूगोलाचा वाटा शून्य आहे, असा याचा अर्थ नाही. आयलावर पीट मुबलक होते आणि कोळसा बाहेरून आणावा लागे. तेथे धूर ही आधी गरज होती. कॅम्बेलटाउनजवळ कोळशाची खाण होती आणि बंदरातून ग्लासगोची बाजारपेठ गाठता येत होती; म्हणूनच तेथे डिस्टिलऱ्यांची दाटी झाली. भूगोलाने शक्यता दिल्या. पण वाहतूक स्वस्त झाल्यावर ती गरज संपली आणि धूर ही निवड बनली. आयलावरच्याच ब्रुकलॅडी आणि बुनाहाव्हन यांची मुख्य व्हिस्की आज पीटच्या धुराविना तयार होते. बेट तेच आहे, निर्णय वेगळे आहेत.

१०/ लाकडाचाही विचार करावा. पेल्यातील चवीचा मोठा हिस्सा पिंपातून येतो, आणि पिंपे स्कॉटिश परंपरेतून आलेली नाहीत. स्पेनची शेरी पिंपांतून ब्रिटनला येई. रिकामी पिंपे स्वस्तात मिळत, म्हणून त्यांत व्हिस्की भरली गेली. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेने बर्बनसाठी दर वेळी नवे, आतून जाळलेले ओकचे पिंप सक्तीचे केले. एकदा वापरलेली पिंपे तेथे निरुपयोगी ठरली आणि स्कॉटलंडला येऊ लागली. ज्या व्हॅनिलाच्या गोडव्याला रसिक ‘स्कॉचचा आत्मा’ म्हणतात, त्यामागे अमेरिकेचा एक कायदा उभा आहे.

११/ ‘मुरलेपणा’चेही तसेच. व्हिस्की ठरावीक काळ मुरवण्याची कायदेशीर सक्ती पहिल्या महायुद्धात आली : १९१५ मध्ये २ वर्षे, लगेच पुढे ३ वर्षे. त्याआधी ताजा अर्क पिणे सर्रास चाले. सिंगल माल्टचा आजचा मानही अलीकडचा आहे. १८६० च्या कायद्याने मिश्रणाचा मार्ग सोपा केल्यावर बहुतेक डिस्टिलऱ्यांचा माल ब्लेंडेड व्हिस्कीत जिरत होता. १९६३ मध्ये ग्लेनफिडिकने आपली सिंगल माल्ट स्कॉटलंडबाहेर निश्चयाने विकायला घेतली, तेव्हा कोठे हा प्रकार जगाच्या दुकानांत स्थिरावू लागला. ज्याला प्राचीन म्हणून नमस्कार केला जातो, त्यातले पुष्कळसे आजोबांच्या पिढीचे आहे.

१२/ मग लेबलावरच्या जुन्या नावांचे काय? लाँगरो आणि हेझलबर्न या कॅम्बेलटाउनमधल्या खऱ्या डिस्टिलऱ्या होत्या. पहिली १८९६ मध्ये आणि दुसरी १९२५ मध्ये बंद पडली. १९२० मध्ये मासाताका ताकेत्सुरु हा जपानी तरुण हेझलबर्नमध्ये शिकत होता. त्याने काटेकोर टिपणे काढली आणि १९३४ मध्ये होक्काइदोतील योइची येथे स्वतःची डिस्टिलरी उभारली. मूळ हेझलबर्न गेली, तिथले ज्ञान एका वहीतून दुसऱ्या खंडात पोहोचले. आजची हेझलबर्न त्या नावाचे स्मरण आहे, त्या चवीची साक्ष नाही. नाव टिकले म्हणजे वस्तू टिकली, असा निष्कर्ष काढता येत नाही.

१३/ गावाची कहाणीही लेबल सांगत नाही. आल्फ्रेड बर्नार्डने १८८७ च्या आपल्या ग्रंथात कॅम्बेलटाउनमधील २१ डिस्टिलऱ्यांची नोंद केली. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दोनच उरल्या : स्प्रिंगबँक आणि ग्लेन स्कोशिया. मिश्रण करणाऱ्या कंपन्यांची पसंती हलक्या स्पेसाइड व्हिस्कीकडे वळली, युद्धानंतर मंदी आली, अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी राहिली. या काळात कॅम्बेलटाउनची माती बदलली नव्हती, पाणीही आटले नव्हते. चव जमिनीतून उगवत असती, तर गाव असे ओस पडले नसते.

१४/ स्प्रिंगबँकच्या परवान्याचे साल १८२८. कॅम्बेलटाउनच्या व्हिस्कीचा इतिहास तेथे सुरू होत नाही. रॉबर्ट आर्मर नावाचा तांबट त्याच गावात भट्ट्या बनवून विकत असे. त्याच्या १८११ ते १८१७ या काळातील हिशेबवह्या उपलब्ध आहेत. त्यांत बेकायदा गाळणाऱ्या गिऱ्हाइकांची नावे आहेत, भागीदारीत भट्टी घेणारे शेजारी आहेत आणि अनेक स्त्रियाही आहेत. सोनेरी अक्षरांतल्या ‘स्थापना’वर्षापेक्षा ही उधारी-जमेची रुक्ष वही इतिहासाच्या अभ्यासकाला कितीतरी अधिक सांगते. कारण लेबल ज्यांना वगळते, त्यांनाच ती नोंदवते.

१५/ ही माणसे कोठे गेली? १८२३ च्या अबकारी कायद्याने कर कमी केला आणि १० पौंडांत परवाना देऊ केला. पण ४० गॅलनांपेक्षा लहान भट्टीला त्यात जागा नव्हती. ज्यांच्याकडे भांडवल होते ते चोरटे गाळणारे ‘संस्थापक’ झाले. घरच्या चुलीवर छोटी भट्टी लावणारी बाई गुन्हेगारच राहिली आणि हळूहळू कागदांतूनही नाहीशी झाली. स्प्रिंगबँकही एका मिचेलच्या बेकायदा भट्टीच्या जागी उभी राहिली, असे सांगितले जाते. आज त्या आठवणीला रोमांचक किस्स्याचे मोल आहे. शेजारणींच्या वाट्याला किस्साही आला नाही.

१६/ येथे महाराष्ट्राच्या वाचकाला आपला इतिहास आठवायला हवा. त्याच साम्राज्याने १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळपाचे केंद्रीकरण केले. ठाण्याच्या पट्ट्यातील आदिवासींची मोहाची दारू, जी घरगुती होती आणि सणासमारंभांत रुजलेली होती, ती गुन्ह्याच्या यादीत गेली. दोन्हीकडे सरकारचा डोळा महसुलावर होता. कॅम्बेलटाउनच्या काही गाळणाऱ्यांना परवान्याची वाट मिळाली आणि पुढे ‘वारसा’ हे बिरुद. मोहाच्या वाट्याला ‘हातभट्टी’ हा हेटाळणीचा शब्द आला. या दोन शब्दांमधले अंतर मोजायला जीभ पुरत नाही. त्यासाठी कायद्याची पाने उलटावी लागतात.

१७/ काही रसिक म्हणतील, एवढी चिकित्सा केली तर आस्वाद उरतो कोठे? उलट तो वाढतो. लाँगरोच्या धुरात १९७३ मधली एक पैज आहे. स्प्रिंगबँकच्या गोडव्यात स्पेन आणि अमेरिका आहेत. हेझलबर्नच्या नावामागे बंद पडलेली एक डिस्टिलरी आणि एका परदेशी विद्यार्थ्याची वही आहे. ‘मातीचा गुण’ म्हटले की चौकशी थांबते. कर कोणी लावला, जळण कोणते होते, पिंप कोठून आले, कोणाचे नाव लेबलावर आले आणि कोणाचे राहून गेले, असे विचारले की चौकशी सुरू होते.

१८/ हाच निकष व्हिस्कीपलीकडेही लागू पडतो. पैठणी असो, कोल्हापुरी चप्पल असो वा एखाद्या गडाची आख्यायिका, ‘आमच्या मातीतच ते आहे’ हे वाक्य कानी पडले की तेथे माणसांचे निर्णय झाकले जात आहेत का, ते तपासावे. माती मूक असते, म्हणून तिच्या नावावर काहीही खपवता येते. आर्मरच्या वहीतल्या बायका मात्र नावानिशी नोंदवलेल्या आहेत. इतिहासाचे काम त्यांच्यापासून सुरू होते.

थ्रेड समाप्त.