अनुताईंची बढती

मंडळी, घरात कुणी शिक्षक असला की पाहुणेरावळे एक प्रश्न हटकून विचारतात, "मग, पुढची बढती कधी?" प्रश्न गैर नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलेल्या पोराने मुख्याध्यापक व्हावे, केंद्रप्रमुख व्हावे, पुढे विस्तार अधिकारी व्हावे असे घरच्यांना वाटणारच. पगार वाढतो, चार गावांत मान मिळतो. पण यातली एकेक पायरी चढताना मास्तर पोरांपासून हातभर लांब जातो आणि फायलींच्या जवळ सरकतो. मोठे होण्याची हीच एक वाट आहे का? अनुताई वाघांची हकीकत ऐका, मग ठरवा.

अनुताईंचा जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत नवरा वारला. त्या काळी अशा पोरीच्या वाट्याला चूल आणि माजघर यापलीकडे फारसे काही येत नसे. तुमच्या आजी-पणजीच्या पिढीत अशा कितीजणी होत्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहा. अनुताई शिकल्या आणि १९२९ साली नाशिक जिल्ह्यातल्या चांदोरीला शिक्षिका झाल्या. चार वर्षांनी पुण्याच्या हुजूरपागेत आल्या. नोकरी सांभाळून १९३७ साली मॅट्रिक झाल्या. नावाजलेली शाळा, दर महिन्याचा पगार. नातेवाइकांच्या हिशेबी गाडी ठिकाणावर पोचली होती.

आणि १९४५ साली ही बाई सगळे सोडून डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावी गेली! कुणाकडे, तर ताराबाई मोडकांकडे. ताराबाई आधी राजकोटला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. ती खुर्ची सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचे काम केले होते. म्हणजे गुरू आणि शिष्या, दोघीही आपल्या हिशेबाने उलटी पावले टाकणाऱ्या.

बोर्डीला बालवाडी निघाली, पण हरिजनवाड्यातली पोरे काही येईनात. दुसरा कुणी म्हणाला असता, या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही. या दोघींनी बालवाडी उचलून वाड्यातल्या अंगणात नेली. तिथेच पोरांना आंघोळी घालायच्या, केस विंचरायचे, गाणी म्हणायची. म्हणून ती अंगणवाडी. सरकारची बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली, तिच्या तीस वर्षे आधीची ही गोष्ट. आज तुमची सून किंवा लेक अंगणवाडी सेविका असेल, तर ते नाव कुठल्या अंगणातून आले हे तिला जरूर सांगा.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आसपास वारल्यांचे पाडे. मुले सकाळीच गुरे घेऊन रानात. गुरे सोडून पोर शाळेत पाठवायचे तर गुरांमागे कोण जाणार? ही अडचण तुम्हाला समजावून सांगायला नको. मग शिक्षकच गुरांमागे माळावर जाऊ लागले. तिचे नाव कुरणशाळा. बिया, शिंपले, पाने, खडे हेच शिकवण्याचे साहित्य. विकत आणायला पैसे नव्हते हे तर खरेच, पण हाताळायला ओळखीची वस्तू मिळाली की पोर बुजत नाही, हेही त्यांनी ताडले होते. मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळायला घरी अडकतात म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला विकासवाडी म्हणत.

शिक्षणातले पुढारपण ते हेच, असे माझे मत आहे. पोर का येत नाही याचे कारण शोधायचे आणि पोराला दोष देण्याआधी शाळा बदलायची. हे काम हुद्द्याविना होते. उलट हुद्दा त्याच्या मागून येतो. ताराबाई १९७३ साली वारल्या, तेव्हा सगळ्या कामाची धुरा आपसूक अनुताईंकडे आली. त्याआधी, १९६१ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर त्या बी. ए. झाल्या होत्या. १९८५ साली पद्मश्री मिळाली.

आता तुमच्या गावाकडे वळू. ऊसतोडीला बिऱ्हाड निघाले की पोरे शाळेतून गळतात. एखादा मास्तर त्यांच्यासाठी काही वेगळे करू पाहतो, संध्याकाळी वस्तीवर येऊन बसतो. अशा मास्तराला आपण काय म्हणतो? "रिकामटेकडा आहे." आणि बदली करून घेऊन तालुक्याला गेला तो हुशार. शाळा व्यवस्थापन समितीत तुमच्यापैकी कितीतरी पालक आहेत. पुढच्या बैठकीत वर्गखोलीच्या पत्र्याचा विषय निघेलच, तो निघावाही. पण या मास्तराला काय लागते हेही एकदा विचारा. कधी एक सतरंजी आणि कंदील, कधी नुसते कुणाचे तरी अंगण.

अनुताईंना अखेरपर्यंत अंगणेच लागली. बहात्तराव्या वर्षी, १९८२ साली, त्यांनी प्रा. रमेश पानसे यांच्याबरोबर ग्राममंगल ही नवी संस्था काढली आणि आदिवासी पोरांसाठी पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.