कांचेचा फोन व शेतकऱ्याचें बोट

महसूल खात्यांत असतां गांव नमुना नंबर 12 च्या नकला मीं पुष्कळ लिहिल्या. तेव्हां पिकाची नोंद तलाठी करी. ती चुकल्यास जाब त्यास विचारतां येई. 15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली व हें काम शेतकऱ्याकडे आलें. आपलें पीक आपण लिहावें, हें मला मान्यच आहे. परंतु मुलानें माझा बटणांचा फोन काढून कांचेचा दिला, तेव्हां खरी अडचण समजली.

ही कांच दाबावयाची नसते. तिच्या अंगीं अल्प विद्युत्‌भार असतो. बोट टेकतांच तो तेवढ्या जागीं बदलतो, त्यावरून तिला स्पर्श कळतो. पाण्याचे थेंब पडले कीं ती गोंधळते, आणि घट्टे पडलेलें कोरडें बोट तिला पुष्कळदां कळतच नाहीं. नोंद तर शेतांत उभें राहून, छायाचित्रासह, भर पावसाळ्यांत करावयाची!

माझें बोट लेखणीचें, म्हणून चालतें. थोरल्या बंधूंचें चालत नाहीं. गेल्या खरिपांत त्यांची नोंद नातवानें केली, ती तुरीच्या जागीं सोयाबीनची. चूक लक्षांत आली ती मुदत टळल्यावर. हमीभावाच्या खरेदीस हीच नोंद पाहतात. तेव्हां पोरांनीं नोंद अवश्य करावी, पण पाठविण्यापूर्वीं मोठ्यानें वाचून दाखवावी. आणि ज्यांचें बोट चालत नाहीं त्यांच्यासाठीं गांवच्या महसूल अधिकाऱ्यानें चावडींत एक दिवस बसावें.