पत्ता आहे, पण रस्ता आहे का?



आमच्या मोहल्ल्यात जमातीच्या हॉलवर मुलींची अभ्यासिका चालते. सहा कॉम्प्युटर, असरपासून इशापर्यंतची वेळ, आणि ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही अशा मुली. सराव परीक्षा, शिष्यवृत्तीचे फॉर्म, निकाल, सगळे इथूनच होते. हे सहा कॉम्प्युटर चंद्याच्या पैशातून आलेले आहेत. कोणी हजार दिले, कोणी शंभर, एका म्हाताऱ्या खालांनी वीस.

इंटरनेटचा राऊटर बिघडला म्हणून नवा बसवला आणि त्या दिवसापासून दुखणे सुरू झाले. ब्राउझर बरा चालायचा, पण सराव परीक्षेचे सॉफ्टवेअर उघडायला एकेक मिनिट लागायचे. "सर, पेपरची वेळ पळतेय आणि पडदा पांढराच आहे," मुली म्हणायच्या. दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने सहाही मशीनकडे एक नजर टाकली आणि निकाल दिला : "जुनी झाली. सगळी बदला."

जुम्याच्या नमाजनंतर मिटिंग बसली. सदरसाहेब म्हणाले, "पुन्हा चंदा मागायचा तर लोकांना तोंड कसे दाखवायचे?" आम्ही आठ दिवस मागून घेतले. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवण्याआधी तहकीक करावी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. ते फक्त बातम्यांपुरते नाही, मशीनच्या बाबतीतही तितकेच खरे आहे.

दुसऱ्याच दिवशी मोहल्ल्यातला पॉलिटेक्निकचा एक मुलगा आला. त्याने एका कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये 'आयपीव्ही६' नावापुढची बरोबरची खूण काढली आणि सॉफ्टवेअर क्षणात उघडले! म्हणजे एवढे नक्की झाले की मशीन म्हातारे नव्हते. पण मग हे आयपीव्ही६ म्हणजे काय, आणि ते बंद केल्यावर काम का झाले? ते बंदच ठेवायचे का? या महिन्यात हेच समजून घेऊ.

मार्फतचा पत्ता

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. आज ज्याला आयपीव्ही४ म्हणतात ती जुनी पद्धत १९८१ साली ठरली. १९२.१६८.१.५ असे चार आकडे तुम्ही कुठेतरी पाहिले असतील. या पद्धतीत एकूण पत्ते होतात ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या पुढे, आणि एकेका घरात फोन, टीव्ही, कॉम्प्युटर मिळून चार-पाच यंत्रे. पत्ते पुरणार कसे? ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठेही वाटून संपले.

मग आजवर काम कसे चालले? आपल्या कोकणातल्या जुन्या माणसांना हे लगेच कळेल. आखातातून पत्र यायचे तेव्हा पाकिटावर घराचा पत्ता नसायचा. लिहिलेले असायचे : मार्फत, अमुक किराणा दुकान. सगळ्या मोहल्ल्याची पत्रे एका दुकानात यायची आणि दुकानदार ज्याची त्याला द्यायचा. घरातला राऊटर नेमके हेच काम करतो. बाहेरच्या जगाला एकच पत्ता दिसतो, आतली यंत्रे त्याच्या मार्फत बोलतात. पत्ते आणखी कमी पडले तेव्हा इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांनी वर दुसरे मार्फत बसवले. आता कित्येक घरे मिळून एकच पत्ता वापरतात. तुमच्या राऊटरच्या स्टेटस पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर तुम्हीही या दुहेरी मार्फतमध्ये आहात असे समजा.

यावरचा खरा इलाज म्हणजे आयपीव्ही६. त्याचा आराखडा १९९५ साली आला, ६ जून २०१२ पासून मोठ्या संकेतस्थळांनी तो कायमचा सुरू केला, आणि २०१७ साली त्याला पूर्ण प्रमाणाचा दर्जा मिळाला. यात पत्त्यांची संख्या ३४ वर ३७ शून्ये इतकी आहे. प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता, मार्फतची गरज नाही. आपल्या दूरसंचार विभागाने २०१० साली याचा देशासाठी आराखडा जाहीर केला. २०१६ साली जिओची ४जी सेवा आली ती आयपीव्ही६ घेऊनच. तुमच्या खिशातला फोन बहुधा आजही याच पत्त्यावर चालतो. मागे राहिला तो कोपऱ्यातला डेस्कटॉप.

खूण काढली की संपले?

त्या मुलाच्या युक्तीने आम्ही सहाही मशीनवरची खूण काढली. दोन दिवस आनंदात गेले. तिसऱ्या दिवशी फॉर्म भरताना संकेतस्थळ पुन्हा पुन्हा विचारू लागले, तुम्ही माणूस आहात ना, मग चित्रातल्या गाड्या ओळखा. एका मुलीला तर उत्तर आले, तुमच्या पत्त्यावरून फार मागण्या आल्या आहेत, थोड्या वेळाने या. फॉर्मची शेवटची तारीख चार दिवसांवर होती! त्या बिचारीने एकच मागणी केली होती. बाकीच्या त्याच मार्फतच्या पत्त्यावरच्या कोणा अनोळखी घरांच्या होत्या. दुकानदाराकडे एकाच नावाने शंभर पत्रे आली तर पोस्टमनला शंका येणारच.

म्हणजे खूण काढल्याने आजार गेला नव्हता. फक्त ठणका थांबला होता. मायक्रोसॉफ्टही विंडोजमध्ये आयपीव्ही६ बंद करू नका असाच सल्ला देते. म्हणून आम्ही खूण परत लावली आणि विज्ञानाच्या तासाला सांगतो तसे केले : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक वेळी निकाल लिहून ठेवायचा.

पाच पायऱ्यांची तपासणी

तुमच्या घरी किंवा शाळेतही हे करता येईल. पैसे लागत नाहीत. टाइप करताना अक्षरे आणि अंक मात्र इंग्रजी वापरा.

१. खूण पाहा. विंडोजमध्ये कीबोर्डवरचे विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा, 'एनसीपीए.सीपीएल' लिहून एंटर करा. आपल्या जोडणीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ६' पुढे खूण हवी. विंडोज व्हिस्टापासून पुढे ती मुळातच लावलेली असते. नसेल तर कोणीतरी काढलेली आहे. उबुंटू आणि मॅकमध्येही आयपीव्ही६ आधीपासून चालूच असते.

२. पत्ता वाचा. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' लिहा. 'एफई८०' ने सुरू होणारा पत्ता दिसेल. तो फक्त घरातल्या घरात चालतो. तो पाहून इंटरनेट आले असे समजू नका. २ किंवा ३ ने सुरू होणारा लांब पत्ता हा जगाचा पत्ता. त्यातच 'टेम्पररी' असा आणखी एक दिसला तर घाबरू नका. आपला माग सहज काढता येऊ नये म्हणून विंडोज बाहेर जाताना तो बदलता पत्ता वापरते.

३. हाक मारून पाहा. 'पिंग', मग जागा सोडून 'वजा ६', आणि मग २००१:४८६०:४८६०::८८८८ लिहा. हा गुगलच्या नाव-शोधक सेवेचा पत्ता आहे. 'रिप्लाय' आला तर रस्ता आहे. मग त्या आकड्याच्या जागी 'आयपीव्ही६.गुगल.कॉम' हे नाव लिहा. आकड्याला उत्तर येते पण नावाला येत नाही, तर दोष नाव शोधणाऱ्या डीएनएसच्या सेटिंगमध्ये आहे.

४. ब्राउझरमध्ये पाहा. 'टेस्ट-आयपीव्ही६.कॉम' हे पान उघडा. ते दहापैकी गुण देते. दहा आले तर उत्तम. शून्य आले तर तुमच्याकडे आयपीव्ही६ पोहोचतच नाही.

५. रस्ता बदलून पाहा. फोन यूएसबी वायरने कॉम्प्युटरला जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा, राऊटरची वायर आणि वायफाय काढा आणि वरच्या चाचण्या पुन्हा करा. फोनच्या इंटरनेटवर सगळे चालले तर कॉम्प्युटर निर्दोष आहे. दोष राऊटरचा किंवा लाइनचा.

आमचा निकाल असा आला. खूण होती. २ ने सुरू होणारा पत्ताही होता. पण पिंगला उत्तर नव्हते. फोन जोडल्याबरोबर तेच मशीन, तीच खूण, आणि सॉफ्टवेअर एका क्षणात उघडले. म्हणजे आमच्याकडे पत्ता होता, पण रस्ता नव्हता.

राऊटरच्या आत

राऊटरचे पान उघडले तेव्हा उलगडा झाला. बसवणाऱ्याने आतल्या बाजूला कुठला तरी जुना पत्त्याचा भाग हाताने लिहून ठेवला होता आणि बाहेरच्या बाजूचे आयपीव्ही६ बंद होते. राऊटर सहाही मशीनना सांगत होता, हा घ्या तुमचा पत्ता. मशीन विश्वासाने त्यावरून पत्रे पाठवत होती आणि ती कुठेच पोहोचत नव्हती. आजचे ब्राउझर हुशार आहेत. नव्या रस्त्याने क्षणभरात उत्तर आले नाही तर ते जुन्या रस्त्यानेही निघतात. म्हणून ब्राउझर बरा वाटायचा. साधी सॉफ्टवेअर मात्र नव्या रस्त्याकडे डोळे लावून वीस-वीस सेकंद बसून राहतात आणि मग जुन्याकडे वळतात. मुलींचा पेपर त्या वीस सेकंदांत जात होता.

आम्ही इंटरनेट देणाऱ्यांच्या मदत क्रमांकावर दोन प्रश्न विचारले. तुम्ही आयपीव्ही६ देता का? 'प्रीफिक्स डेलिगेशन' आहे का? दोन्हींचे उत्तर हो आले. मग राऊटरमध्ये बाहेरच्या बाजूला आयपीव्ही६ सुरू केले, पत्ता 'आपोआप' घ्यायला सांगितला, प्रीफिक्स डेलिगेशनवर खूण केली, आतल्या बाजूचा हाताने लिहिलेला भाग काढून तेही 'ऑटो' केले. राऊटर आणि सहाही मशीन बंद करून पुन्हा सुरू केली. पिंगला उत्तर आले. चाचणीच्या पानावर दहापैकी दहा. पट्टीवर मोजावे तसे एका मुलीने सहाही मशीनवर तपासून वहीत लिहिले.

तुमची कंपनी आयपीव्ही६ देतच नसेल तर राऊटरच्या आतल्या बाजूचे आयपीव्ही६ बंद ठेवा, म्हणजे खोटे पत्ते वाटले जाणार नाहीत. प्रत्येक मशीनवरची खूण काढत बसू नका. उद्या सेवा सुरू होईल तेव्हा कोणती खूण कोणी काढली ते कोणालाच आठवणार नाही.

दाराला कडी हवी

एक इशारा. मार्फतच्या पत्त्यात एक आडोसा होता. बाहेरचा माणूस थेट घरापर्यंत येऊ शकत नव्हता. स्वतःचा पत्ता आला की दार रस्त्यावर आले. म्हणून राऊटरमध्ये 'आयपीव्ही६ फायरवॉल' चालू आहे ना ते पाहा. विंडोजचा फायरवॉल कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. राऊटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदला आणि नवा पासवर्ड वहीत लिहून जबाबदार माणसाकडे ठेवा.

आणि आयपीव्ही६ आले म्हणून इंटरनेट दुप्पट वेगाने पळेल अशीही आशा धरू नका. वेग तुमच्या प्लॅनचा असतो. यातून मिळतो तो स्वतःचा पत्ता आणि अडथळ्याशिवायचा रस्ता.

पुढच्या जुम्याला मिटिंगमध्ये आम्ही ती वही सदरसाहेबांपुढे ठेवली. त्यांना त्यातले आकडे कळले नाहीत, आणि कळायची गरजही नव्हती. त्यांनी एवढेच विचारले, "म्हणजे नवी मशीनं नकोत?" आम्ही म्हटले, नकोत. खर्च किती आला? मदत क्रमांकावरच्या दोन फोनचा. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "त्या वीसवाल्या खालांना सांगा, त्यांचे पैसे अजून चालू आहेत."

त्या मुलीचा फॉर्म मुदतीच्या एक दिवस आधी भरला गेला. अल्हम्दुलिल्लाह. अमानतीचा पैसा खर्च करण्याआधी एकदा विचारावे, तपासावे, लिहून पाहावे. अभ्यासिकेच्या राऊटरवर आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. मुलींनीच लिहिली आहे : कोणतीही सेटिंग बदलण्याआधी वहीत नोंद करा.

खुदा हाफिज.