थेंब बुडाला, पुढे काय?

मोरचुदाचे स्फटिक तुम्ही प्रयोगशाळेत पाहिलेच असतील. त्याच्या निळ्या द्रावणाचा एक उपयोग ऐका. रक्तदात्याच्या बोटातून काढलेला थेंब १.०५३ विशिष्ट गुरुत्वाच्या द्रावणात सोडतात. थेंब बुडाला, तर १०० मिलिलिटर रक्तात निदान १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे असे समजतात. तरंगला, तर दात्याला परत पाठवतात. आता यासाठी छोटी यंत्रे आली आहेत. पण मी पडलो पदार्थविज्ञानाचा मास्तर, मला आर्किमिडीजच जवळचा!

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात लोणीला १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, विळद घाटातही आहे. आमच्या कॉलेजातली मुले तिकडे जातात, काही दूर जातात. त्यांतलाच एक परवा भेटला. लँडस्टायनरचे १९०१ सालचे रक्तगट, १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व सहकाऱ्यांना सापडलेला ‘बॉम्बे’ रक्तगट, सारे त्याने घडाघडा सांगितले. मी विचारले, “तू स्वतः किती वेळा रक्त दिलेस?”

“एकदाही नाही, सर. आई म्हणते, अशक्तपणा येतो. आणि खरे सांगू? सुईची भीती वाटते.”

शरीरातल्या सुमारे पाच लिटरांपैकी ३५० मिलिलिटर जाते आणि द्रवभाग एक-दोन दिवसांत भरून येतो, हे तो परीक्षेत लिहून आला होता. मी त्याला हसलो नाही. मीही चौतिसाव्या वर्षी, वहिनींच्या बाळंतपणात रक्त लागले तेव्हाच पहिल्यांदा दिले.

म्हणून माझे मत असे, की या मुलांना आणखी व्याख्याने नकोत. पहिल्याच वर्षी त्यांना रक्तपेढीत कामाला उभे करावे. त्यांना तेथे दिसेल, की साठवलेल्या तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि बिंबिका जेमतेम पाच. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला एकदम शंभर पिशव्या जमवून मे महिन्याची गरज भागत नाही. तेव्हा वसतिगृहे रिकामी असतात. अपघात आणि बाळंतपणे मात्र सुट्टी घेत नाहीत.

तुमचे वय १८ होईपर्यंत तुम्हाला थांबायचे आहे. शिक्षकांना ती सबब नाही. प्रकृती ठीक असेल, तर त्यांनी दहावीच्या वर्गाला सोबत नेऊन रक्त द्यावे.

तो विद्यार्थी मे महिन्यात घरी येणार आहे. आम्ही दोघांनी रक्तपेढीत जायचे ठरवले आहे. सुई टोचताना तोंड फिरवायची परवानगी त्याने आताच मागून घेतली आहे.