धावपट्टीच्या टोकाचा रस्ता

परभणी जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. मुंबई वा दिल्लीचे विमान गाठायचे, तर परभणीकरांना आधी नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. त्यामुळे शेजारच्या विमानतळांची सुरक्षितता हा या जिल्ह्याचाही प्रश्न ठरतो. या प्रश्नाचा विचार करताना २६ एप्रिल १९९३ ची दुपार विसरून चालणार नाही.

त्या दिवशी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान दिल्लीहून जयपूर, उदयपूरमार्गे तेव्हाच्या औरंगाबादला आले आणि मुंबईकडे निघाले. धावपट्टी संपत आली तरी ते पुरेसे वर उठले नव्हते. धावपट्टीच्या टोकापासून सुमारे ४०० फुटांवरील बीड रस्त्याने त्याच वेळी कापसाच्या गाठींनी भरलेली मालमोटार जात होती. विमानाचे डावे चाक व डावे इंजिन तिला रस्त्यापासून जेमतेम सात फूट उंचीवर धडकले. पुढे सुमारे तीन किलोमीटरवर उच्च दाबाच्या वीजतारांना अडकून ते जमिनीवर कोसळले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ जण मृत्युमुखी पडले.

चौकशीत दोन कारणे पुढे आली. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलले, हे पहिले. आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील रहदारीचे नियंत्रण करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले, हे दुसरे. लोकांच्या स्मरणात मात्र पहिलेच कारण राहिले. वास्तविक एप्रिलच्या उन्हात हवा विरळ होते, विमानाला वर उठण्यास अधिक अंतर लागते, हे काही त्या दिवशी नव्याने कळलेले नव्हते. उन्हाळ्याच्या दुपारी भरलेल्या विमानासाठी धावपट्टीपुढची मोकळी जागा हीच अखेरची राखीव पुंजी असते. तेथेच वाहता रस्ता होता. मराठवाड्यातल्या आडगावीही गाडी येण्याआधी रेल्वेचे फाटक बंद होते. येथे मात्र विमान सुटताना रस्त्यावरची रहदारी थांबली नव्हती.

या विमान कंपनीचा अपघातांचा इतिहास तिच्या जन्मापासूनचा आहे. १९५३ च्या हवाई महामंडळ कायद्याने आठ कंपन्यांचा देशांतर्गत कारभार एकत्र आणून १ ऑगस्ट १९५३ रोजी इंडियन एअरलाइन्स सुरू झाली. परभणी ज्या हैदराबाद राज्यात होते, तेथील डेक्कन एअरवेजही तीत विलीन झाली. महायुद्धातून उरलेली डकोटा विमाने हाच तिच्या ताफ्याचा कणा होता. चारच महिन्यांत, डिसेंबर १९५३ मध्ये, नागपूरहून रात्रीची टपाल घेऊन निघालेले डकोटा कोसळून १३ जण ठार झाले. पुढे १९७६ मध्ये मुंबईत कॅराव्हेल विमान इंजिनाला लागलेल्या आगीने कोसळले व ९५ बळी गेले. १९७९ मध्ये पनवेलजवळच्या डोंगरावर विमान आदळून ४५ जण मृत्यू पावले. १९८८ ते १९९३ ही वर्षे तर विशेष भीषण ठरली. अहमदाबादेत १३३, बंगळुरात ९२, इम्फाळजवळ ६९ आणि मग औरंगाबाद!

या मालिकेत वैमानिकांच्या चुका होत्या, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु जमिनीवरील यंत्रणेचा वाटा मान्य होण्यास किती काळ जातो, हे अहमदाबादच्या प्रकरणावरून दिसते. कनिष्ठ न्यायालयाने तेथे विमानतळ प्राधिकरणावर भरपाईची दहा टक्के जबाबदारी टाकली होती. गुजरात उच्च न्यायालयाने ती ३० टक्क्यांवर नेली, तेव्हा २००९ साल उजाडले होते. अपघाताला २१ वर्षे झाली होती.

कारण उघड आहे. वैमानिक एका संस्थेचा, धावपट्टी दुसऱ्या संस्थेची, रस्ता तिसऱ्या खात्याचा आणि भोवतालची जमीन चौथ्याच्या अखत्यारीतली. यांतील वैमानिक तेवढा नाव घेऊन दाखविता येतो. बाकीची जबाबदारी कागदोपत्री विभागली जाते आणि विभागता विभागता नाहीशी होते.

चिकलठाण्याची धावपट्टी पुढे ६ हजारांवरून ९ हजार ३०० फुटांपर्यंत वाढविण्यात आली, हे खरे. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार मोठ्या धावपट्टीच्या टोकापुढे ६० मीटरचा पट्टा व त्यानंतर किमान ९० मीटर, शक्यतो २४० मीटर सुरक्षित जागा हवी. या मोजपट्टीने पाहिल्यास १९९३ चा तो रस्ता किमान मर्यादेच्याही आत येतो. जून २०२५ मध्ये अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. त्याचा घटनाक्रम निराळा. पण जमिनीवरचे १९ जण गेले, तेव्हा कुंपणाबाहेर काय उभे आहे हा प्रश्न पुन्हा समोर आला.

मराठवाड्यात नवी विमानसेवा मागणाऱ्या निवेदनांत फेऱ्यांचा आणि भाड्याचा आग्रह असतो. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना किती जागा मोकळी आहे, रहदारी कोण अडवतो आणि चुकल्यास उत्तर कोणी द्यायचे, हे तीन प्रश्नही त्या निवेदनांत हवेत. त्या ५५ जणांच्या मृत्यूचा तेवढा धडा तरी या भागाने घेतला पाहिजे.