फरसबंदी नको, पायवाटच राहू द्या

उदगीरच्या किल्ल्यातली झाडी तोडून पेव्हर ब्लॉकचा रस्ता करावा, ही एका वाचकपत्रातली सूचना वाचून राहवलं नाही. पत्रलेखकांचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. तटाच्या सांध्यांत रुजलेले पिंपळ काढलेच पाहिजेत. त्यांची मुळं चिरे फोडतात आणि नुसत्या फांद्या छाटल्या तर पावसाळ्यात ते पुन्हा फुटतात. पण आतल्या मोकळ्या जागेतल्या कडुलिंबांनी, सीताफळीच्या झुडपांनी कोणाचं काय वाकडं केलं?

मी पहाटे तिथे फिरतो. मातीच्या वाटेवर गुडघे कुरकुरत नाहीत, पावसाचं पाणीही जागीच मुरतं. खंदकाच्या कडेला थांबून नातवाला सांगतो, की १७६० साली सदाशिवरावभाऊंनी याच उदगीर-औसा पट्ट्यात निजामाला कोंडीत धरलं. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना तेव्हा मराठ्यांकडे होता. तहात दौलताबाद, असीरगड, विजापूर मिळालं आणि पुढच्याच जानेवारीत भाऊ पानिपतावर पडले, तर इब्राहिमखान तिथे कैद होऊन मारला गेला. हे ऐकताना पोराच्या हातात वाटेत सापडलेली लिंबोळी असते.

कुऱ्हाड लावण्याआधी जाणकारांकडून तटावरची आणि मैदानातली झाडं वेगवेगळी खुणावून घ्या, एवढीच कळकळीची विनंती.

– एक वाचक, उदगीर (जि. लातूर)