नकाशाला उंची हवी

सुप्याचा माळ नकाशावर सपाट दिसतो. पावसाचे पाणी मात्र नकाशा पाहून वाहत नाही. ते उतार शोधत ओढ्याला मिळते. पर्जन्यछायेतल्या आपल्या भागात बांध कुठे घालावा, हे त्या उतारावर ठरते.

५ मे २००५ रोजी अवकाशात गेलेल्या भारताच्या कार्टोसॅट-१ उपग्रहावर दोन कॅमेरे होते. एक पुढे झुकलेला, दुसरा मागे. दोन डोळ्यांनी आपल्याला खोली कळते, तशी या छायाचित्रांच्या जोडीवरून जमिनीची उंची काढता येते. मग संगणकात उंचीच्या बिंदूंची त्रिकोणी जाळी विणायची आणि उशीला अभ्रा चढवावा तसे छायाचित्र तिच्यावर चढवायचे. ‘इस्रो’ने २००९ साली ‘भुवन’द्वारे अशी उंचसखल चित्रे सर्वांना खुली केली.

माझा आग्रह एवढाच की, अशा चित्राखाली दोन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. उठाव डोळ्यांत भरावा म्हणून उंची पुष्कळदा मुद्दाम वाढवतात; ती किती पट वाढवली? आणि छायाचित्र कोणत्या महिन्याचे? नाहीतर टेकाडाचा डोंगर होतो आणि भाद्रपदातली हिरवळ बारमाही वाटते. विद्यार्थी मित्रांनो, भूगोलाच्या प्रात्यक्षिकात हे प्रश्न विचारायची सवय लागली, तर गावच्या पाणलोटाच्या बैठकीत आपला काही उपयोग होईल.